माझ्या पोटातला काकींचा आवाज

मित्रांनो, मी एक जुना बोलणारा डबा आहे, आणि गेले कित्येक महिने माझीच बोलती बंद आहे. आता ‘जुना’ हे मी म्हणत नाही बरं का, कंपनी म्हणते. आमच्या घरातली इस्त्री माझ्याहून कितीतरी मोठी आहे, तिला कुणी जुनी म्हणत नाही. ती तापते, कपडे सरळ करते, विषय संपला. ‘बाई, तू नक्की कुणाची?’ असं तिला कुणी विचारत नाही. मला विचारतात. त्याचीच ही सगळी रडकथा आहे, आणि सांगताना माझा आवाज चढला तर समजून घ्या.

माझा आकार शाळेच्या पाटीएवढा. वर रबराची बटणं, खाली जाळीचा स्पीकर आणि गळ्यात अडकवायला पट्टा. ज्यांचा आवाज गेला आहे अशा माणसांसाठी मला बनवलं. त्यांनी बटण दाबायचं आणि मी बोलायचं, इतकं साधं काम. कारखान्यातल्या लांबलचक टेबलावर माझी जोडणी झाली. शेवटी मला ‘नमस्कार’ म्हणायला लावलं. पॅकिंग करणारी बाई म्हणाली, ‘‘अगं बाई, काय गोड बोलतोय हा!’’ माझी छाती फुगली. हाच गोड आवाज पुढे मला नकोसा होणार आहे, हे तेव्हा कुठे ठाऊक होतं?

मी गेलो काकींच्या घरी. काकी म्हणजे फुलांच्या घाऊक बाजारात लिलाव पुकारणारी बाई. पत्र्याचं उंच छप्पर, ओली फरशी, बादल्यांमध्ये गुलाब, ग्लॅडिओलस, कार्नेशनच्या जुड्या, आणि मधल्या ओट्यावर काकी. पहाटे ट्रक रिकामे झाले, की त्यांचा आवाज सुरू. फुलं कुणासाठी थांबत नाहीत, त्यामुळे लिलावही थांबत नाही. एकेक लॉट सरसर पुढे सरकतो. त्या बाजाराची रीत अशी, की काकींनी ‘दिलं!’ म्हटलं की सौदा पक्का. सही नाही, पावती नाही. त्या एका शब्दावर माल उचलायचा आणि वाटेला लागायचं. इतकी वर्षं कुणी त्यावर ‘पण’ म्हटलं नव्हतं.

मग काकींच्या घशात गाठ निघाली. डॉक्टरांनी सांगितलं, शस्त्रक्रिया करावी लागेल, जीव वाचेल, आवाज जाईल. त्यांनीच मला घ्यायला सांगितलं. माझ्यात एक खास कप्पा होता, नाव ‘आपला आवाज’. शस्त्रक्रियेच्या आधी माणसाने त्यात आपल्या आवाजात शब्द भरून ठेवायचे, म्हणजे नंतर बटण दाबलं की त्याचाच आवाज येतो. काय सुंदर कल्पना! मला माझा अभिमान वाटायचा तो यासाठीच.

हॉस्पिटलच्या खोलीत नर्सने मला काकींच्या मांडीवर ठेवलं. म्हणाली, ‘‘काकी, पाणी द्या, दुखतंय, दार उघडा, असं रोजचं रोजचं बोलून ठेवा.’’

काकी म्हणाल्या, ‘‘ते हा डबा बोलेल त्याच्या आवाजात. माझा आवाज काय पाणी मागायला ठेवू?’’ आणि त्यांनी घसा खाकरून एक ते शंभर आकडे पुकारले. मग ‘बोला पुढे’, ‘झोपलात का रे?’, ‘एकदा, दोनदा’, आणि शेवटी असं दणदणीत ‘दिलं!’, की शेजारच्या खोलीतला पेशंट उठून बसला. नर्सची हसून हसून पुरेवाट झाली.

‘‘एकच जागा राहिलीय,’’ ती डोळे पुसत म्हणाली.

काकींनी कोपऱ्याकडे पाहिलं. तिथे त्यांचे यजमान मांडीवर थर्मास घेऊन बसले होते. बाजार त्यांना काका म्हणतो. अतिशय अबोल गृहस्थ. काकी इतकं बोलायच्या, की त्यांना कधी गरजच पडली नव्हती. काकी पटकन म्हणाल्या, ‘‘अहो, चला घरी.’’ आणि नर्सला सांगितलं, ‘‘हे राहू दे. बाजार उठला की मी रोज हेच म्हणते.’’

दुसऱ्या दिवशी त्यांचा आवाज गेला. जगात तो उरला फक्त माझ्या पोटात.

मित्रांनो, नंतरचे दिवस माझ्या आयुष्यातले सगळ्यात चांगले. काकी जखम भरल्यावर मला गळ्यात अडकवून ओट्यावर चढल्या. बाजार चिडीचूप. काकींनी बटण दाबलं आणि मी गरजलो, ‘‘झोपलात का रे?’’ तो काय जल्लोष झाला म्हणून सांगू! माल उतरवणारे हमाल बादल्या बडवायला लागले. काकींची बोटं माझ्यावर अशी चालायची, की बटणांवरचे आकडे पुसले गेले तरी त्यांना बघावं लागायचं नाही. बाजार उठला, की त्या शेवटचं बटण दाबायच्या. ‘‘अहो, चला घरी.’’ काका थर्मास उचलायचे आणि चालू लागायचे.

कंपनीने दिलेला गोड आवाज आम्ही फक्त घरी वापरायचो, तेही नाइलाजाने. तो आवाज म्हणजे साखरेच्या पाकात बुडवलेली गोगलगाय. काकींनी ‘पाणी’ दाबलं, की मी म्हणायचो, ‘‘कृपया... मला थोडे... पाणी मिळेल का?’’ काकांवर चिडून एखादा शब्द जुळवला, तर म्हणायचो, ‘‘क्षमस्व, हा शब्द आपल्यासाठी योग्य नाही.’’ आता सांगा, नवऱ्यावर कसं चिडायचं हे काकींना कंपनी शिकवणार? काकी मला थापट मारायच्या. मला राग यायचा नाही, मीही मनातून त्यांच्याच बाजूने होतो.

आणि एका सकाळी, भर लिलावात, काकींनी ‘बोला पुढे’ दाबलं आणि मी म्हणालो, ‘‘क्षमस्व. ‘आपला आवाज’ ही सुविधा आता फक्त नव्या मॉडेलमध्ये उपलब्ध आहे.’’

मी म्हणालो! माझ्याच स्पीकरमधून! रात्री चार्जिंगला असताना कंपनीने इंटरनेटवरून कधी माझ्यात हात घालून कप्प्याला कुलूप लावलं, मला पत्तासुद्धा लागला नाही. मी मोडलो नव्हतो. माझी एक तार तुटली नव्हती. पण नवे डबे खपायचे, तर जुने डबे मुके झाले पाहिजेत ना!

काकींनी पुन्हा दाबलं, मी पुन्हा तेच. समोर ग्लॅडिओलसच्या जुड्या माना टाकायला लागल्या. शेवटी दुसऱ्या कुणीतरी ओट्यावर चढून लिलाव पुरा केला. काकी खाली उतरल्या, तेव्हा त्यांचा चेहरा मला बघवला नाही.

काकींच्या लेकीने घरी आल्या आल्या कंपनीला फोन लावला. ती वकील आहे, आणि आवाजाच्या बाबतीत आईवर गेली आहे. फोनवरचा मुलगा भलताच नम्र होता.

‘‘मॅडम, नवीन मॉडेल घ्या. त्यात ही सुविधा आहे.’’

‘‘जुन्यातलं रेकॉर्डिंग नव्यात टाकून द्याल?’’

‘‘नाही मॅडम, ते त्याच उपकरणापुरतं असतं. पण काही अडचण नाही. पेशंटना नव्यात पुन्हा रेकॉर्ड करायला सांगा.’’

लेकीने फोन कानापासून दूर धरला आणि त्याच्याकडे नुसती बघत राहिली. तळपायाची आग मस्तकात जाणं म्हणजे काय, ते मी त्या दिवशी पाहिलं. ज्या बाईचा घसाच काढला आहे, तिला म्हणे पुन्हा रेकॉर्ड करा!

जावई हॉस्पिटलांमधली यंत्रं दुरुस्त करतात. त्यांनी मला हातात घेतलं, उलटंपालटं केलं आणि म्हणाले, ‘‘रेकॉर्डिंग आतच आहे. पुसलेलं नाही, फक्त कुलूप आहे. सॉफ्टवेअरमध्ये थोडा बदल केला, की उघडेल.’’

‘‘हात लावू नकोस,’’ लेक म्हणाली. ‘‘डबा आपला आहे. प्लास्टिक, बटणं, पट्टा, सगळं आपलं. पण आतलं सॉफ्टवेअर आपण विकत घेतलेलं नाही, नुसती वापरायची परवानगी घेतलीय. आणि त्यात फेरफार करायचा नाही, हे आपण मान्य केलंय.’’

‘‘कधी मान्य केलं आपण?’’

सगळ्यांनी काकांकडे पाहिलं. काका ओशाळून म्हणाले, ‘‘ते ‘मान्य आहे’ दाबल्याशिवाय तो पुढेच जात नव्हता गं.’’

काकींनी मला ओढून घेतलं आणि बटणं दाबली. मी त्या गोगलगायीच्या आवाजात म्हणालो, ‘‘कृपया... माझा घसा... कुणाचा आहे?’’

जावई म्हणाले, ‘‘बोल आता वकीलसाहेब. कायदा काय म्हणतो?’’

लेक खुर्चीत बसली. ‘‘कायदा धड काही म्हणत नाही, तीच तर बोंब आहे. आपल्या वस्तूची दुरुस्ती करायला बंदी नाही. पण असलं कुलूप तोडायला बंदी आहे. मग दुरुस्तीसाठी कुलूप तोडलं तर? त्यावर अजून सरळ निकाल नाही. मी दोन्ही बाजूंनी भांडू शकते.’’

‘‘मग आपल्या बाजूनी भांड की!’’

तिने आईकडे पाहिलं. काकी खिडकीशी बसून, बाजारात वापरायच्या त्या बोटांनी, मांडीवर आकडे दाबत होत्या. लेक म्हणाली, ‘‘उघड. पण फक्त तो कप्पा. बाकी कशाला हात लावायचा नाही.’’

दोन सुट्ट्या जावई माझ्यावर वाकून बसले. जेवणाच्या टेबलावर माझं पोट उघडं. मला भीती वाटली नाही. उलट मनात म्हटलं, लवकर करा हो! आणि एका दुपारी त्यांनी बटण दाबलं आणि घर दणाणलं, ‘‘दिलं!’’ काकींनी जावयाच्या पाठीत असा धपाटा घातला, की त्यांच्या हातातला पेचकस उडाला. हा आनंदाचा धपाटा होता, हे त्यांना समजायला जरा वेळ लागला.

काकी पुन्हा ओट्यावर उभ्या राहिल्या. माझी इंटरनेटची जोडणी जावयांनी बंद करून ठेवली होती, त्यामुळे कंपनीचा हात माझ्यापर्यंत पोचत नव्हता. सगळं सुरळीत चाललं असतं. पण माणसाला कुठे बघवतं?

बाजारात एक बडा व्यापारी येतो, सगळे त्याला चष्मेवाला म्हणतात. त्याने एकदा ईर्ष्येला पेटून गुलाबाच्या मोठ्या लॉटवर भलतीच बोली लावली. मी म्हणालो, ‘‘एकदा, दोनदा, दिलं!’’ थोड्या वेळाने त्याला कळलं, की गावभर गुलाबाचा भाव उतरला आहे. झालं, साहेब फिरले.

‘‘हा सौदा मला मान्य नाही,’’ तो म्हणाला. ‘‘‘दिलं’ कोण म्हणालं? हा डबा म्हणाला. आणि ह्याच्यात बेकायदा फेरफार केलेत, हे मला पक्कं ठाऊक आहे. बेकायदा यंत्राचा शब्द कसला धरता?’’

बघा, कायदा कुठून कुठे नेला त्याने! काकींच्या अंगाचा तिळपापड झाला. सगळे बाजाराच्या सेक्रेटरींकडे गेले. सेक्रेटरी म्हणजे शांत डोक्याचा माणूस. त्यांनी चष्मेवाल्याला विचारलं, ‘‘बटण कुणी दाबलं?’’

‘‘काकींनी.’’

‘‘आवाज कुणाचा होता?’’

‘‘आवाज त्यांचाच, पण...’’

‘‘मग पण काय? दिलं काकींनी, घेतलं तुम्ही. डबा मध्ये नुसता ओरडला. उचला माल.’’

त्याने माल उचलला, पण तोंड वाकडं करून. आणि घरी जाऊन त्याने कंपनीला कळवलं.

कंपनीची नोटीस आली. उपकरणात अनधिकृत बदल केल्याचे समजते, तपासणीसाठी केंद्रात आणावे, अन्यथा कायदेशीर कारवाई. जावई म्हणाले, ‘‘न्यायचंच नाही. काय करतील?’’

‘‘नाही,’’ लेक म्हणाली. ‘‘लपवलं तर चोरी केल्यासारखं दिसेल. आपण चूक केलेली नाही ना? मग उजळ माथ्याने जाऊ. आपल्या वस्तूची दुरुस्ती केली, हे मी तिथे तोंडावर सांगेन.’’

‘‘ठीक आहे. मग जायच्या आधी आईंच्या आवाजाची एक प्रत काढून ठेवतो. कप्पा उघडाच आहे.’’

मित्रांनो, इथे माझा जीव कानात गोळा झाला. काढा, काढा, मी आतून ओरडत होतो.

लेकीने खूप विचार केला. आणि म्हणाली, ‘‘नको. कप्पा उघडला, ही दुरुस्ती. तिथवर मी ठाम उभी राहू शकते. पण प्रत काढली, तर ते म्हणतील ह्यांनी संरक्षित माल बाहेर काढला. मग आपली सगळी बाजूच लंगडी पडेल. केस स्वच्छ राहू दे.’’

तिच्या आईचा आवाज! तिच्या सख्ख्या आईचा! आणि त्याची प्रत काढायला वकील असलेली लेकच नाही म्हणाली, का तर केस स्वच्छ राहावी. मी तिला दोष देत नाही. ती कायद्यावर विश्वास ठेवून वागली. पण कायदा इतका घोळाचा लिहिला कुणी, की प्रामाणिक माणसानेच त्यात फसावं? तो मला भेटला, तर साखरेच्या आवाजात का होईना, पण चार शब्द सुनावीन म्हणतो.

केंद्रात गार हवा होती आणि काउंटरवर ताजी फुलं होती. बहुतेक काकींनीच पुकारलेली. लेक बोलायला उभी राहिली. तिने कागद काढले, ‘‘हे पाहा, आमचं म्हणणं असं आहे...’’ असं सुरू केलं. काउंटरवरच्या मुलीने तोवर मला केबल लावलीसुद्धा. ‘‘एक मिनिट हं मॅडम, आधी तपासणी करते.’’

माझ्या आत काहीतरी कट्‌कन बंद झालं. पाठोपाठ मी म्हणालो, ‘‘क्षमस्व. हे उपकरण बंद करण्यात आले आहे. कृपया अधिकृत केंद्राशी संपर्क साधा.’’

‘‘अहो, अधिकृत केंद्रातच आहोत आम्ही!’’ लेक किंचाळली.

‘‘मॅडम, हे आपोआप होतं. माझ्या हातात काही नाही. पण आतलं रेकॉर्डिंग सुरक्षित आहे हं, काळजी करू नका. फक्त आता कुणी उघडायला गेलं, तर ते पुसलं जाईल.’’

काकींनी माझं ‘दिलं’चं बटण दाबलं. मग आकड्यांचं. मग शेवटचं. प्रत्येक वेळी मी तेच म्हणत होतो, कृपया, कृपया, कृपया. लेक तिथेच बाकावर बसली आणि आईच्या मांडीत तोंड खुपसून लहान पोरीसारखी रडली. काकी तिच्या डोक्यावरून हात फिरवत राहिल्या. त्यांना बरंच काही बोलायचं असणार. ते बोलायचं कशाने?

आता कोर्टात दावा आहे. लेकीने मागितलं आहे इतकंच, की ज्याची वस्तू त्याला ती उघडू द्या. कंपनीचे वकील येतात आणि मुदत मागतात. तारीख पडते, पुढची तारीख पडते. मी पुरावा आहे, म्हणून लेकीने माझ्यावर चिकटपट्टी लावून सही केली आहे. आतला कप्पा कुणी उघडायचा नाही. जावई माझ्याकडे बघतात आणि हात चोळत बसतात.

माझं ऐकाल तर, मुलांनो, कुठलीही वस्तू घरी आणाल तेव्हा तिचा रंग नंतर बघा. आधी विचारा, ही बिघडली तर आम्ही उघडायची की नाही? हिच्या आतली किल्ली कुणाकडे? आणि ‘मान्य आहे’ दाबायच्या आधी कुणा मोठ्या माणसाला ते वाचून दाखवायला सांगा. मोठ्या माणसाने वाचलेलं नसेल, तर त्यालाही वाचायला बसवा. आणि मोठे झाल्यावर तुमच्यातलं कुणी कायदे लिहायला बसलं, तर माझी आठवण ठेवा.

काकींनी ओटा मात्र सोडलेला नाही. त्या बोटांनी आकडा दाखवतात आणि शेजारी उभे राहून पुकारतात कोण, माहीत आहे? काका! जन्मात ज्यांनी आवाज चढवला नाही, ते काका. सुरुवातीला ‘दिलं’ असं म्हणायचे, जसं काही कुणाला वाईट बातमी सांगताहेत. काकी कोपर मारायच्या. आता बरंच जमतं. ‘झोपलात का रे?’सुद्धा म्हणतात, आणि म्हटल्यावर स्वतःच दचकतात. बाजार त्यांचं ‘दिलं’ मानतो. चष्मेवालासुद्धा मानतो, गुमान माल उचलतो.

मला ते अजून पिशवीत घालून बाजारात आणतात. सवय आहे, दुसरं काय. बाजार उठतो, फरशी धुतली जाते, तुटक्या पाकळ्या गटाराकडे वाहत जातात. काका थर्मास उचलतात आणि तसेच उभे राहतात. मग पिशवीत हात घालून माझं शेवटचं बटण चाचपतात आणि दाबतात.

मी म्हणतो, ‘‘कृपया अधिकृत केंद्राशी संपर्क साधा.’’

दिवसभर त्यांनी काकींचे सगळे शब्द काकींसाठी पुकारलेले असतात. तेवढं एक वाक्य त्यांना म्हणता येत नाही. काकी येऊन त्यांच्या हातातला थर्मास घेतात, तेव्हा कुठे ते चालायला लागतात.